कावळा हुशार म्हणून त्याची शिकार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दोन महिन्यांपासून सोलापुरातील आमच्या वसाहतीमागच्या लिंबाच्या झाडांवर काही तरुण रविवारी सकाळी छर्‍याच्या बंदुकीने कावळे टिपत आहेत. मी हटकले तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "काका, पारवा कोणीही पाडेल. कावळा एकदा बंदूक ओळखला की पुन्हा टप्प्यात येत नाही, म्हणून तर मजा आहे." हे पत्र लिहिण्यास त्याचे हे उत्तर कारण ठरले.

त्याचे निरीक्षण खरे आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे २००६ साली वन्यजीव शास्त्रज्ञ जॉन मार्झलफ यांनी मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे कलकलाट करीत, आणि त्यांत कधीच न पकडलेले कावळेही असत. आपला गावकावळा वेगळ्या जातीचा असला तरी त्याची हुशारी पाहायला मला गच्ची पुरते. पाण्याच्या सिमेंटच्या भांड्याशी कडक भाकरीचा तुकडा ठेवला की एक कावळा तो उचलून पाण्यात सोडतो, कठड्यावर जाऊन बसतो आणि थोड्या वेळाने परत येतो. एकदा त्याने घाई केली. तुकडा चोचीला टणक लागताच त्याने तो पुन्हा पाण्यात टाकला. (आपण सोलापूरकर तरी कडक भाकरी आमटीत भिजवल्याशिवाय कुठे खातो?)

ही हुशारी मान्य करायची आणि तिच्याच जोरावर त्याला नेमबाजीचे लक्ष्य ठरवायचे, हे मला पटत नाही. अमेरिकेत कावळ्यांची शिकार रीतसर चालते. पण तेथेही हंगाम वर्षाला १२४ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, आणि ऐन विणीच्या काळात तर मुळीच नाही. आमच्याकडे मात्र सध्या झाडांवर काटक्या आणि तारांची घरटी दिसत असताना बार उडत आहेत. अशा घरट्यात कोकिळेचेही पिल्लू असू शकते, म्हणजे एका छर्‍यात दोन घरे बुडतात.

"कावळा मारायला कायद्याची आडकाठी नाही" असेही मला ऐकवण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर आणि फळे खाणार्‍या वटवाघळांसोबत कावळ्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होती, हे खरे. परंतु २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या यादीचा आधार आता उरलेला नाही. वन विभागाने हे मराठीत, ठळकपणे जाहीर करावे आणि भरवस्तीत छर्‍याची बंदूक चालवणार्‍यांना पोलिसांनी समज द्यावी, अशी माझी विनंती आहे. शेजारच्या गच्च्यांवर लहान मुले खेळत असतात, हेही ध्यानात घ्यावे.

गेल्या रविवारपासून आमचा कावळा भांड्यापर्यंत आलेला नाही. तो समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून असतो, आणि दोरीवर कपडे सारण्यासाठी मी काठी उचलली तरी उडून जातो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर