चाच्यांच्या गोष्टीला लाइव्ह बाजाच हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणजे सरकत्या नळीचं, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन, एक ट्युबा (सगळी फुंकायची पितळी वाद्यं, ट्युबा त्यात सगळ्यात मोठा) आणि गोष्ट सांगणारी एक ताई, असे आम्ही सहा जण मिळून लहान मुलांसाठी समुद्री चाच्यांच्या गोष्टीचा प्रयोग करतो. परवा एका आयोजकांचा फोन आला, म्हणाले वादक नकोत, रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावा, खर्च पण वाचेल आणि एवढ्या आवाजाला मुलं घाबरतात. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे चाचे आणि बाजा ही जोडी काही आम्ही ओढूनताणून जुळवलेली नाही. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाचा एक चाचा होता, १७२२ मध्ये मारला गेला. त्याच्या जहाजावरचे नियम नंतर छापले गेले आणि त्यात चक्क वादकांसाठी वेगळं कलम आहे, की आठवड्यातला एक दिवस त्यांना सुट्टी, बाकी सहा दिवस आणि सहा रात्री खास परवानगीशिवाय सुट्टी नाही. हाच रॉबर्ट्स १७२० मध्ये आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या ट्रेपसी बंदरात काळा झेंडा फडकवत, ढोल आणि ट्रम्पेट वाजवत शिरला आणि तिथले खलाशी जहाजं तशीच टाकून पळाले. निम्मं काम त्या आवाजानेच केलं असणार! कैद्याला फळीवरून समुद्रात चालायला लावणं वगैरे बरंचसं नंतरच्या गोष्टींमधून आलेलं आहे, पण ट्रम्पेट खरा आहे. तेव्हाच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नव्हते, ते १८१८ च्या सुमारास आले, आणि ट्युबा तर १८३५ चा. म्हणजे रॉबर्ट्सने ट्युबा बघितलेला असणं शक्यच नाही, पण आमच्या गोष्टीत ट्युबा म्हणजेच जहाज आहे, तो थांबला की जहाज थांबलं.

आता ट्रॅक का नको ते सांगतो. वादळ यायच्या आधी आम्ही पाचही जण वाद्यात नुसती हवा फुंकतो, सूर नाही काही नाही, फक्त वारा. मग मी स्लाइड, म्हणजे ट्रॉम्बोनची सरकती नळी, हळूहळू आत बाहेर करतो आणि जहाज डुलायला लागतं. मुलांना डोळ्यासमोर दिसतं की नळी लांब झाली की सूर खाली जातोय, दोन मिनिटांत अख्खा हॉल माझ्या स्लाइडबरोबर डावीकडे उजवीकडे डुलत असतो. ट्रम्पेटच्या भोंग्यात म्यूट, म्हणजे आवाज बदलणारं बूच, लावला की पोपट बोलतो, हॉर्नवाली भोंग्यात हात आणखी आत सरकवते आणि तेच जहाज धुक्यात लांब गेल्यासारखं वाटतं. हे सगळं माणसाच्या श्वासावर चाललंय हे मुलांना कळतं, कारण आमचे गाल, आमचा घाम समोर दिसतो. स्पीकरमधून वादळ येईल पण कोणी दम घेताना दिसणार नाही, आणि मुलं गप्प बसतात ती नेमकी आम्ही दम घेतो तेव्हाच.

भीतीचं म्हणाल तर ती काळजी खरी आहे, मी उडवून लावत नाही. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा भोंगा थेट समोर तोंड करून असतो, त्यामुळे पहिली रांग त्याच्या रेषेत नको, लांब बसवा. पण मी पाहिलंय की मुलं दचकतात ती अचानक आलेल्या आवाजाला. तोफ उडायच्या आधी ताई मुलांना कानावर हात ठेवायला लावते, तीन आकडे मोजते, आणि मग आम्ही वाजवतो. ती तोफ मग मुलांचीच होऊन जाते, परत परत मागतात. ज्यांना आवाज सोसत नाही अशा मुलांसाठी दाराजवळच्या जागा ठेवा, हॉलमध्ये पूर्ण अंधार करू नका, मधेच उठून बाहेर जाऊन परत येऊ द्या. एवढं केलं तर बाजा बंद करायची काही गरज नाही.

आणि गोष्टीत जीव हवा हो. नुसत्या टोप्या, नुसते खजिने नकोत. आमच्या गोष्टीत खजिन्याचा नकाशा वाजवून शोधायचा असतो, चार सुरांची एक खूण आहे, ती मुलांना गाऊन लक्षात ठेवावी लागते आणि शेवटी तीच आम्हाला वाट सांगतात. चुकली तर आम्ही खरंच चुकीच्या बेटावर जातो.

आयोजकांना एवढीच विनंती आहे, की प्रयोग संपल्यावर लगेच हॉल रिकामा करायला लावू नका, पंधरा मिनिटं द्या. मुलांना ओठ फुरफुरवून बघायचे असतात, ट्युबाच्या भोंग्यात डोकावून जहाज कुठंय ते बघायचं असतं.

आपला,
एक ट्रॉम्बोनवादक