‘मिथिंक्स’ म्हणजे ‘आय थिंक’ नव्हे

मा. संपादक,
स. न.

बी. ए.च्या काही मुली माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. यंदा त्यांनी अप्पा बळवंत चौकातून शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे गाईड आणले. त्यात ‘मिथिंक्स’पुढे टीप आहे : ‘आय थिंक’चे जुने रूप. ही टीप चुकीची आहे. मराठी मुलांना जे चटकन कळले असते, तेच तिने अवघड करून ठेवले आहे.

मुलींची शंका रास्त होती. कर्ता ‘आय’ असेल, तर क्रियापदाला शेवटी ‘एस’ का? उत्तर सोपे आहे : इथे ‘आय’ कर्ता नाहीच. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती, एक विचार करण्याचे आणि दुसरे वाटण्या-भासण्याचे. पुढे दोन्हींची रूपे एकमेकांत मिसळली. दुसरे मागे पडले, ते या जोडशब्दात टिकून राहिले. त्यातला ‘मि’ म्हणजे ‘मला’. आपल्या ‘मला वाटते’ची घडण अगदी अशीच आहे. (जर्मन शिकणाऱ्यांना ‘मिश ड्युंक्ट’ आठवेल, तेही याच कुळातले.)

फरक बारीक वाटेल, पण नाटक त्यावर उभे राहते. तिसऱ्या अंकात हॅम्लेट राजाचा दरबारी पोलोनियस याला ढग दाखवतो. आधी तो ढग उंटासारखा, मग ‘मिथिंक्स’ म्हणत मुंगसासारख्या वीझलसारखा, मग देवमाशासारखा. आणि पोलोनियस दर वेळी होकार देतो. हे विचार करून बनवलेले मत नव्हे, घटकेत बदलणारा भास आहे. शेक्सपिअरच्याच ‘मॅक्बेथ’मध्ये राजा डंकनचा खून करून आलेला मॅक्बेथ ‘आता झोप नाही’ असा आवाज ऐकल्याचे सांगतो, तिथे याच शब्दाचे भूतकाळी रूप आहे, ‘मिथॉट’. ‘मला वाटले, कुणी ओरडले’ असे वाचा, अंगावर काटा येतो. ‘मी विचार केला’ म्हटले की प्रसंगच मरतो. दिवंगत पत्नी स्वप्नात दिसल्यावर इंग्रज कवी मिल्टनने लिहिलेल्या सुनीताचा पहिला शब्दही हाच.

आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्यांच्या पुण्यात तरी मुलांना ही टीप पाठ करावी लागू नये. संबंधित प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत ती बदलावी. तोवर प्राध्यापकांनी वर्गात हा शब्द आला की बिनदिक्कत मराठीत ‘मला वाटते’ म्हणावे आणि पुढची ओळ वाचावी.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे