छोटं फायटर विमान आधी घेतलं तरी चालेल, पण उडवायचं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की आमच्या ऐरोलीत पोरांच्या हातात रिमोटवाली फायटर विमानं दिसायला लागतात, स्पिटफायर, मस्टँग वगैरे, आणि लगेच कोणीतरी जुना आरसीवाला (रिमोटची विमानं उडवणारा) सुनावतो की आधी ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान, शिका, फायटरचं नंतर बघू. मला हे आता अर्धंच पटतं. ट्रेनरचा पंख वर असतो त्यामुळे वाकडं झालं तरी ते आपोआप सावरतं, फायटरचा पंख खाली, ते कललं की कललेलंच राहतं, हे बरोबर आहे. पण हल्ली साधारण ४०० मिलिमीटर पंखांची जी फोमची छोटी विमानं मिळतात त्यात जायरो, म्हणजे तोल सावरणारा सेन्सर, असतो, बिगिनर मोडवर रिमोटची स्टिक सोडली की विमान स्वतःच सरळ होतं, वजनही बहुतेकदा १०० ग्रॅमच्या आत. मस्टँगसाठी हट्ट धरलेल्या पोराला ट्रेनर आणून दिलं तर ते महिनाभरात माळ्यावर जाणार, मग त्याला हवं तेच द्या ना. फक्त चार चॅनलचं घ्या, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), वर-खाली, डावं-उजवं वळणं आणि कलणं असं चारही वेगवेगळं हाताळता येतं.

खरी गोची होते विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा, डावं-उजवं सगळं उलटं. यावर सोपा उपाय म्हणजे जो पंख खाली झुकलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक ढकलायची. हे डोक्याने कळून उपयोग नाही, बोटांना कळावं लागतं, म्हणून पावसाळ्यात घरबसल्या सिम्युलेटरवर हात बसवून घ्या. फायटरचे कॅमोफ्लाज रंग दिसतात भारी पण आकाशात विमान उलटं आहे की सुलटं तेच कळत नाही (युद्धात तर दिसूच नये हाच हेतू असतो म्हणा), खालून एका पंखाला भडक टेप लावा. सोडताना वाऱ्याच्या तोंडावर आणि सपाट सोडायचं, वर भिरकावलं की वेग मरतो आणि नाक खाली येतं. आपटणार असं दिसलं की आधी थ्रॉटल शून्य.

या विमानांतल्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल पालकांनीच लक्ष घालावं. एक सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, ३ व्होल्टच्या खाली गेला की कामातून गेला. उडवून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, रात्रभर लावून झोपायचं तर अजिबातच नाही, आणि फुगलेली सरळ बाद.

आता मुद्द्याचं. हे सगळं करायचं कुठे? सोसायटीत गाड्या आणि खिडक्या, गच्चीवरून उडवणं म्हणजे वेडेपणा, खाडीच्या बाजूला फ्लेमिंगोंचं अभयारण्य, मधे हाय टेन्शनच्या तारा. त्यात आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणजे उलवे, बेलापूर, पनवेलवाल्यांचं तर कामच झालं. ऐरोली, घणसोली, ठाणे त्यातल्या त्यात लांब, पण इथेही पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघतात, त्यात रिमोटची विमानंही येतात आणि सामान्य माणसाला ते कळतही नाही. कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटचा नकाशा बघा म्हणणं सोपं आहे, किती पालक बघतात?

त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला विनंती, त्या नकाशात हिरव्या भागात, म्हणजे परवानगी लागत नाही अशा भागात, येणारं एकेक मैदान रविवारी सकाळी साडेसहा ते आठ या छोट्या विमानांना द्या. तेव्हा वारा पडलेला असतो, दुपारकडे खाडीवरून सुटला की एवढंसं विमान कागदासारखं उडतं. क्रिकेटवाले कुरकुरतील, त्यांना आठनंतर अख्खा दिवस आहे. गेटवर एक बोर्ड लावा, २५० ग्रॅमच्या आतलीच विमानं, नजरेच्या टप्प्यात, माणसांच्या डोक्यावरून नाही, आणि बंदी आदेश असेल त्या आठवड्यात तो त्याच बोर्डवर चिकटवा. खर्च म्हणाल तर एका बोर्डाचा.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई