शिकाऊ मुलांना व्यवसायबंदीच्या करारात बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नंदुरबार आणि शहादा परिसरातील आम्हा गणेशमूर्तिकारांमध्ये गेले काही महिने एक विषय वारंवार निघतो आहे. हाताखाली शिकून गेलेली मुले स्वतःचा कारखाना टाकतात आणि दोन-तीन हंगामांत आपलीच गिऱ्हाइके त्यांच्याकडे वळतात. म्हणून यापुढे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून, तो पाच वर्षे या तालुक्यात मूर्तीचा व्यवसाय करणार नाही, असे स्टँपपेपरवर लिहून घ्यावे, असे काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. माझ्याकडे शिकून गेलेल्या सहा जणांचे आज स्वतंत्र कारखाने आहेत. त्यांपैकी एकाचा माझ्या मागच्याच गल्लीत आहे. त्यामुळे या म्हणण्यामागचे दुःख मला पुरते ठाऊक आहे. तरीही हा मार्ग चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट, असा कागद कायद्यापुढे टिकणार नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार, कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. व्यवसायाचा नावलौकिक विकत देणाऱ्याला त्यात मर्यादित अपवाद आहे, शिकाऊ मुलाला तो लागू होत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी आठवून पाहावे की आपणही कोणाच्या तरी कारखान्यात माती मळूनच वर आलो. माझ्या गुरूंनी मला असे बांधून ठेवले असते, तर मी आज कुठे असतो?

दुःख होतेच. तीन वर्षांपूर्वी बाजारातून जाताना एका दुकानासमोर मी थबकलो. समोरच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी माझी होती. पांढऱ्यावर बाहुली भरून झाली की वरच्या पापणीची रेघ आतल्या कोपऱ्याशी किंचित दाबून मग एका श्वासात बाहेर काढायची, ही माझी पद्धत आहे आणि ती मला माझ्या वडिलांकडून मिळाली. मूर्ती मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यातली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की माझ्या दोन्ही मुलांनी नोकरी पत्करली आहे, आणि वडिलांची ती रेघ माझ्यानंतर टिकली तर ती याच मुलाच्या हातून टिकणार आहे.

खरे नुकसान झाले ते दरामुळे. अकरा वर्षे माझ्याकडून मूर्ती नेणाऱ्या एका मंडळाला मी अठरा हजार सांगितले आणि माझ्याच विद्यार्थ्याने तीच मूर्ती बारा हजारांत दिली. मी फार चिडलो, काहीबाही बोललोही. दसऱ्याच्या सुमारास तोच मुलगा रंगाच्या दुकानाची उधारी भागवण्यासाठी माझ्याकडे पैसे मागायला आला, तेव्हा मी त्याला समोर बसवून वही काढली. माती, काथ्या, रंग एवढेच त्याने धरले होते. शेडचे भाडे, वीजबिल, पावसात न सुकल्यामुळे तडकलेल्या मूर्ती, टेम्पोत मोडलेले हात, दोन महिने रात्री जागून रंगकाम करणाऱ्या त्याच्या बायकोची मजुरी, यांतले काहीच हिशेबात नव्हते. बारा हजारांत मूर्ती विकून तो तोट्यात गेला होता आणि जाताना माझाही भाव पाडून गेला होता.

यात दोष माझाही आहे. सात वर्षे तो माझ्याकडे होता. मी त्याला माती मळणे शिकवले, साचा भरणे शिकवले, आखणी शिकवली. पण गिऱ्हाइकाशी बोलताना आणि वहीत आकडे मांडताना त्याला कधी जवळ बसू दिले नाही. धंद्याची ही बाजू आपण सगळेच झाकून ठेवतो. असा अर्धा शिकलेला मुलगा बाहेर पडला, की कमी भाव सांगण्यापलीकडे त्याच्याजवळ दुसरे साधन उरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये प्लास्टरऐवजी मातीच्या मूर्तींवर भर देणाऱ्या मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्यापासून माझ्याकडे शाडूच्या मूर्तींची विचारणा वाढली आहे. शाडूला हात जास्त लागतात आणि वाळायला वेळही जास्त लागतो. म्हणजे शिकवलेली माणसे आपल्याला लागणारच आहेत. बंदीच्या कागदाच्या भीतीने ती आलीच नाहीत, तर श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट झाल्यावर गणपतीपर्यंत हाती उरणाऱ्या तीन-चार आठवड्यांत कामे उरकणार कोण?

एका बाबतीत मात्र मी विद्यार्थ्यांची बाजू घेणार नाही, आणि ती म्हणजे साच्याची चोरी. नव्या मूर्तीचा मूळ नमुना घडवायला मला दोन-तीन आठवडे लागतात. तयार मूर्ती विकत आणून तिच्यावरून रबराचा साचा काढणे, याला शिक्षण म्हणत नाहीत. अशी नक्कल ओळखूही येते. दागिन्यांची धार बोथट होते, बोटे जाड दिसतात आणि वाळताना माती आक्रसत असल्याने शाडूची मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा थोडी लहान भरते. प्रताधिकार कायदा 1957 मध्ये शिल्पाची गणना कलाकृतीत केलेली आहे. डोळे आखण्याच्या ढंगावर मला हक्क सांगता येणार नाही आणि सांगायचाही नाही. पण मी घडवलेल्या नमुन्याची सरळ नक्कल हा वेगळा विषय आहे. शिकाऊ मुलाकडून काही लिहून घ्यायचेच असेल, तर एवढेच घ्यावे.

माझ्यापुरता मी एक बदल केला आहे. भाद्रपद पौर्णिमेला बसणाऱ्या गुलाबाईच्या मूर्ती करणे मी थांबवले असून ते गिऱ्हाईक मागच्या गल्लीतल्या विद्यार्थ्याकडे पाठवतो. त्याच्याकडे दहा फुटांच्या वरची मागणी आली, तर तो मंडळाच्या लोकांना माझ्याकडे घेऊन येतो. असे काही ठरवून झाले नाही; हळूहळू होत गेले.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बुकिंगची धांदल सुरू होते. त्याआधीच्या एखाद्या रविवारी परिसरातील गुरू आणि शिष्य दोघांनीही माझ्या शेडमध्ये यावे, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती करतो. सर्वांनी मिळून एकच दर बांधावा असे मी सुचवत नाही. ज्याचा दर त्याने ठरवावा. गेल्या हंगामाची माझी खर्चाची वही मी तेथे सर्वांसमोर उघडी ठेवणार आहे.

आपला,
एक मूर्तिकार, नंदुरबार