काचबिंदूच्या थेंबांबरोबर पडद्याचीही चौकशी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केज तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे. बाजारच्या दिवशी सदऱ्याच्या खिशातून रिकामी बाटली काढून "भाऊ, हीच द्या" म्हणणारे म्हातारे ठरलेले. बाटली बहुधा लॅटॅनोप्रॉस्टची, म्हणजे काचबिंदूच्या थेंबांची. चिठ्ठी असलीच तर घड्यांवर फाटलेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे थेंब टाकलेच पाहिजेत. पण एकदा लिहून दिले की डोळ्याच्या आतल्या पडद्याचे (रेटिनाचे) काय चालले आहे, हे वर्षानुवर्षे कुणी बघत नाही.

डोळा लाल झाला, पापण्यांचे केस वाढले, तर ते आरशात दिसते आणि लोक येऊन सांगतात. पडद्याचे तसे नाही. या थेंबांनी क्वचित पडद्याच्या मधोमध, मॅक्युलावर, सूज येते. मोतीबिंदू काढताना भिंगामागची पिशवी फाटली असेल किंवा मधुमेहाने पडदा आधीच खराब असेल, तर धोका जास्त. शिबिरात ऑपरेशन झालेल्या किती जणांना आपली पिशवी शाबूत आहे की नाही हे ठाऊक असते? मग पोथीतली अक्षरे मधेच पुसट होतात, दाराची चौकट वाकडी दिसते. माणसाला वाटते नंबर वाढला, आणि तो जातो चष्म्याच्या दुकानात! वेळेत कळले, थेंब बदलले, की ही सूज बहुधा उतरते.

पिलोकार्पिन हे काचबिंदूचेच जुने औषध. त्याने क्वचित पडदा सुटतो, विशेषतः मोठा मायनस नंबर असणाऱ्यांचा. डोळ्यापुढे वीज चमकली, काळे ठिपके एकदम वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. 2024 मध्ये वाचायचा चष्मा घालवणारे थेंब म्हणून ज्यांचा गाजावाजा झाला, त्यांतही हेच औषध होते. केंद्रीय औषध नियंत्रकांनी सप्टेंबरमध्ये त्यांची परवानगी स्थगित केली, तोवर चाळिशीतले बरेच गुरुजी माझ्याकडे चौकशी करून गेले होते.

मोतीबिंदूच्या डिस्चार्ज कार्डावर पिशवीची हकीकत मराठीत लिहावी. थेंब सुरू करण्याआधी आणि नंतरही बाहुली मोठी करून पडदा तपासावा, आणि उपजिल्हा रुग्णालयांत ओसीटीची, म्हणजे पडद्याच्या थरांचे चित्र काढणाऱ्या तपासणीची, सोय व्हावी. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाने लातूर-संभाजीनगर किती करायचे? औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी तो काउंटरवर चिकटवावा, आणि त्याखाली ठळक लिहावे, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नका.

— एक औषधविक्रेता, ता. केज, जि. बीड