तो पडदा मी लावलाच

प्रिय गड्या,

आठ महिन्यांनी लिहितोय, आणि तेही तू बरोबर होतास हे सांगायला. हे वाक्य दोनदा वाचू नकोस. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, बाकी मजेत.

तर मोटरहोमच्या, म्हणजे आपल्या त्या चाकांवरच्या घराच्या, मागे तो अख्ख्या रुंदीचा रबरी पडदा, मडफ्लॅप, मी लावलाच. मागे जोडून ओढत नेतो त्या गाडीला खडी लागू नये म्हणून सगळा खटाटोप. परवा नवी खडी टाकलेल्या रस्त्यावरून आलो, उतरून बघतो तर तिच्याच काचेवर, वायपरच्या जरा वर, टवका. मोहरीएवढाच, पण त्याला करंगळीच्या पेराएवढा पाय फुटलाय. हिनं अजून पाहिला नाही. मी काच मुद्दाम पुसलेली नाही.

शाळेत तू सायकलचं मागचं मडगार्ड काढून ‘वजन कमी केलं’ म्हणून मिरवायचास आणि मागून येणाऱ्या माझ्या तोंडावर चिखल. परवा त्या गाडीकडे बघून मला माझंच तेव्हाचं तोंड आठवलं. तेव्हा मी तुला काही बोललो नव्हतो. बरं, बोललो होतो. बरंच.

दोन रात्री डोकं खाजवलं, मग उमजलं. आपली मागची चाकं कुठे आणि बंपर कुठे! त्या जोडटायरांतून सुटलेला दगड पडद्यापर्यंत पोचेतो चांगला वर चढतो, रबरावर आपटून खाली रस्त्यावर पडतो, तिथून टणकन उडून थेट मागच्या गाडीवर. त्यात वेग धरला की वाऱ्यानं रबर मागे उचललं जातं आणि खालची फट वाढते. तू म्हणाला होतास, ‘चाकाला चिकटून लाव, नाहीतर लावूच नकोस.’ मला वाटलं, तुझी नेहमीची आढ्यता.

खरी काळजी वेगळीच आहे. आपलं इंजिन मागे, रेडिएटरही मागे. पंख्यानं फेकलेल्या गरम हवेला जायला वाट लागते, ती मी रबरानं बुजवून बसलोय. परवा चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला. जुना रेडिएटर चोंदलाय म्हणावं, तर पडदा लावायच्या आधी असं कधी झालं नव्हतं. आणि एका कडेला सायलेन्सरच्या तोंडासमोरचं रबर मऊ पडून तळव्यासारखं आत वळलंय. बोट लावलं तर काळं चिकटलं.

मधला भाग कापून टाकू? की सगळाच काढून चाकांमागे दोन सुटे लावू, आणि टो बारवर, म्हणजे गाडी जोडायच्या दांड्यावर, एक ढाल बसवू? ढाल लावली तरी त्या गाडीची स्वतःची पुढची चाकं खडी उडवणारच, ते कुणाला सांगू?

लेकीचा निकाल कळला, फार आनंद झाला. घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

कटर काढून ठेवलाय. तुझं उत्तर येईपर्यंत कापत नाही. पण उशीर केलास तर कापेन, आणि वाकडं कापलं गेलं तर दोष तुझा.

तुझाच,
मागून चिखल खाणारा