रस्ता उखडतो, बोंब मात्र रिफायनरीच्या नावाने

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरातल्या खड्ड्यांवर आपल्या दैनिकात येणारी वाचकपत्रे मी नेमाने वाचतो. त्यात एक कारण हल्ली वारंवार डोकावते. रिफायनऱ्या म्हणे आता तळाच्या गाळातूनही तेल ओरबाडून घेतात, डांबरात जीवच उरत नाही, मग रस्ता टिकणार कसा? पश्चिम नागपुरातल्या आमच्या ले-आउटचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, तेव्हा डागडुजीला आलेल्या मुकादमानेही मला तेच ऐकवले. "सायेब, डांबरात आता तेलच राह्यत नाई. रिफायनरीवाले सारं पिळून घेतेत, आमी काय करावं?"

माझी उभी नोकरी मुंबईच्या एका रिफायनरीत, नेमकी हे तेल पिळणाऱ्या युनिटवर गेली. त्यामुळे या सबबीवर गप्प बसवत नाही.

कच्चे तेल भट्टीत साधारण ३५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे होते. त्यापुढे तापवायची सोय नाही, कारण तेल उकळण्याऐवजी फुटू लागते आणि नळ्यांत कोळसा धरतो. म्हणून उरलेला भाग निर्वात टॉवरमध्ये नेऊन, जिथे तेल कमी तापमानालाही उकळते, आणखी तेल काढतात. त्याच्याही तळाशी जे राहते ते काळे, जड, थंड झाले की गोठणारे. आम्ही त्याला ‘शॉर्ट’ म्हणायचो, शॉर्ट रेसिड्यूचे शॉर्ट. डांबर होते ते यातूनच. बॉम्बे हायचे तेल हलके आणि मेणकट, त्यातून धड डांबर होत नाही. आखातातल्या जड तेलात मात्र हा तळ पाव हिश्श्याच्याही वर जातो. एवढा माल टाकून देणे कुठल्याच रिफायनरीला परवडत नाही.

त्यातले तेल सोडवण्याची एक जुनी रीत म्हणजे प्रोपेन डीअॅस्फाल्टिंग, आमच्या भाषेत पीडीए. जगात ती १९३०च्या दशकापासून चालू आहे, तेव्हा ‘हल्ली’ हा शब्द इथेच गळून पडतो. उंच टॉवरमध्ये वरून शॉर्ट सोडायचा आणि खालून द्रवरूप प्रोपेन. हा प्रोपेन आपल्या घरच्या सिलिंडरमध्येही असतो. टॉवरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला चाळीस किलोच्या आसपास. प्रोपेन शॉर्टमधले तेल आपल्यात ओढून घेऊन वर चढतो. अॅस्फाल्टीन (डांबराचा सर्वांत जड, काळा घटक) आणि जड राळ त्यात विरघळत नाहीत, ती खाली बसतात. निकेल, व्हॅनेडियमसारखे धातूही बहुतेक त्यांच्याबरोबरच खाली जातात. वरून निघते ते डीएओ, म्हणजे अॅस्फाल्ट काढलेले तेल, आणि खालून निघतो तो पिच.

नव्या पोरांना या टॉवरची एक गोष्ट पहिल्यांदा पचत नसे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. इथे सगळे उलटे. प्रोपेन जितका गरम, तितकी त्याची तेल ओढण्याची ताकद कमी. ९६.७ अंशांना प्रोपेन आपल्या क्रांतिक बिंदूला पोचतो, म्हणजे त्यापुढे कितीही दाबला तरी द्रव राहत नाही, आणि त्याच्या जवळ जाता जाता तो विरळ होत जातो. म्हणून टॉवरचा माथा वाफेच्या कॉइलने मुद्दाम तळापेक्षा गरम ठेवायचा, म्हणजे चुकून वर आलेला जड भाग पुन्हा खाली पडतो. माथ्याचे तापमान चार-दोन अंश वर गेले की तेल स्वच्छ पण कमी, खाली आले की तेल भरपूर पण काळे. शिफ्टवरच्या माणसाची सगळी अक्कल त्या चार-दोन अंशांत. तेलात जड भाग किती आला हे सांगणारा लॅबचा कार्बनचा रिपोर्ट यायला वेळ लागे, तोवर आम्ही नमुन्याची बाटली ट्यूबलाइटसमोर धरून बघायचो. तांबूस-हिरवट झाक आणि आरपार उजेड दिसला तर ठीक. उजेड अडला, तर पिच वर चढतो आहे हे कळायला लॅब लागत नसे.

प्रोपेनने निघणारे तेल वंगणाच्या कामाचे असते. ब्राइट स्टॉक हे जाड वंगणतेल त्यातूनच बनते. ब्युटेन किंवा पेंटेन वापरला तर तेल कितीतरी जास्त निघते, पण मळकट. ते क्रॅकिंगला, म्हणजे जड तेल फोडायला, पाठवून त्याचे पेट्रोल-डिझेल करतात. पूर्वी सारा द्रावक (हा प्रोपेन-ब्युटेन) उकळून परत मिळवावा लागे आणि वाफेचा खर्च डोळ्यांत पाणी आणी. आता द्रावक क्रांतिक बिंदूच्या वर नेला की तेल आपोआप खाली पडते आणि बहुतेक द्रावक न उकळता परत मिळतो, त्यामुळे ही रीत पुन्हा जोरात आली आहे. त्यातच १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली आणि जड फर्नेस ऑइलचे हक्काचे गिऱ्हाईक आटले. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पेट्रोलियमच्या विस्तारात तळाच्या मालाचे डिझेल करण्यासाठी जी पद्धत निवडली, तिच्या पोटातही हेच डीअॅस्फाल्टिंग आहे. तेव्हा मुकादम म्हणतो ते निम्मे खरे. रिफायनऱ्या तेल पिळतात, आणि यापुढे अधिकच पिळतील.

उरलेले निम्मे मात्र साफ चूक. खोलवर पिळलेला पिच थंड झाला की हातोडीने फुटतो. तो टँकरमध्ये भरून रस्त्यावर कोणी पाठवत नाही. तो कोकरला, म्हणजे तापवून कोळसा करणाऱ्या युनिटला, जातो, नाही तर बॉयलरमध्ये जळतो. डांबरासाठी घ्यायचाच झाला तर त्यात मऊ शॉर्ट किंवा वंगण विभागात बाजूला निघणारे जड तेल (एक्स्ट्रॅक्ट) मिसळून तो हव्या त्या ग्रेडला आणावा लागतो. मग तो कुठल्या वाटेने आला याला महत्त्व राहत नाही. आयएस ७३ या भारतीय मानकाच्या चाचण्यांत तो बसतो की नाही, एवढेच बघायचे. व्हीजी-३० डांबराची (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, आकडा मोठा तितके डांबर घट्ट) ६० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, २४०० ते ३६०० पॉइज हवी. २५ अंशांवर १०० ग्रॅम भाराची सुई पाच सेकंदांत किमान ४.५ मिलिमीटर रुतली पाहिजे, आणि ते मऊ पडायचे तापमान ४७ अंशांच्या खाली नको. भट्टीत फिरवून मुद्दाम म्हातारे केल्यावर व्हिस्कॉसिटी चौपटीपेक्षा वाढता कामा नये, अशीही अट आहे. पिच कसाबसा कोंबलेले डांबर या शेवटच्या चाचणीत बरोबर उघडे पडते.

शिवाय नागपूरकरांनी डांबरात तेल कमी म्हणून रडावे, हे तर नवलच. मे २०१३ मध्ये या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे. तेवढ्या उन्हात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या पुढे जातो. तेल जास्त असलेले मऊ डांबर अशा वेळी वर येऊन चकाकते, आणि ट्रकच्या चाकांखाली रस्त्याला पन्हळी पडतात. मानकातच लिहिले आहे की सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ असेल तिथे व्हीजी-३०, आणि ४५च्या वर व्हीजी-४०. मे महिन्यात आपण नेमके त्या रेषेवर उभे असतो. जड वाहनांच्या रिंग रोडसारख्या रस्त्यांवर डांबरी काम निघाले तर तिथे व्हीजी-४० का नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो कोणी विचारत नाही, रिफायनरीला शिव्या घालणे सोपे.

मग रस्ता उखडतो कशाने? आमच्या ले-आउटमध्ये जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. डांबर टँकरचे नव्हते, बॅरलचे होते, आणि लाकडे पेटवलेल्या बॉयलरमध्ये ते सकाळपासून उकळत होते. झाकणाच्या फटीतून निळसर धूर येत होता. व्हीजी-३० तापवायचे ते १५० ते १६५ अंश. निळा धूर दिसला की समजावे, हद्द केव्हाच ओलांडली. रिफायनरीने जे तेल मागे ठेवले होते, ते इथे धुरावाटे जाते आणि उरलेले हवा खाऊन ठिसूळ होते. थर्मामीटर कुठे आहे विचारले, तर माझ्याकडे असे बघितले की जणू मी त्यांची जात विचारली. ताडपत्री न टाकलेल्या टिप्परमधून माल आला, तो जेवणाची सुटी संपेपर्यंत तसाच उभा राहिला. पसरताना माल १४० अंशांच्या खाली नको आणि ९०च्या खाली उतरण्याआधी रोलर फिरून झाला पाहिजे. आमच्याकडे रोलर आला तेव्हा मी त्या मालाला हात लावू शकत होतो.

आणखी एक खास नागपुरी भर आहे. मुख्य रस्ता सिमेंटचा होऊन उंच झाला आणि आतली डांबरी गल्ली खाली राहिली. दोहोंच्या सांध्यात पाणी तुंबते. साचलेले पाणी खडीवरून डांबर सोलून काढते, मग ते व्हीजी-३० असो की व्हीजी-४०. खड्डे आधी कुठे पडतात ते पाहा, बहुतेक वेळा त्या सांध्यापासूनच सुरुवात असते.

डिसेंबर २०२४ मध्ये मनसरजवळ ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर लिग्निन (झाडापाल्यातला चिवट घटक) मिसळलेल्या जैव-डांबराचा पट्टा झाला, त्याचे कौतुकच आहे. आपण डांबराचा बराच हिस्सा आयात करतो, तो जितका कमी होईल तितका बरा. पण जैव-डांबरही निळ्या धुरात गेले तर त्याचेही तेच होणार.

माझी मागणी छोटी आहे. कामाच्या फलकावर खर्चाचा आकडा आणि नगरसेवकाचे नाव असते, तसा डांबराचा ग्रेड, कोणत्या रिफायनरीचे किंवा आयातीचे, बॅच क्रमांक आणि मिश्रणाचे तापमानही लिहावे. रिफायनरीचा चाचणी दाखला बॅचबरोबर येतोच, तो झेरॉक्स काढून लावायला खर्च नाही. चाचणीसाठी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. आपल्याकडे व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा स्थापत्य विभाग आहे, आणि पेट्रोकेमिकल शिकवणारे, १९४२ साली सुरू झालेले लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेसारखे (आता एलआयटी विद्यापीठ) घर अमरावती रोडवर आहे. महापालिकेने दर मोठ्या कामाचे दोन नमुने तिथे द्यावेत, विद्यार्थ्यांचीही शिकवणी होईल. फक्त एक नमुना टँकरच्या तोटीतून घ्यावा आणि दुसरा बॉयलरमधून, खडीत पडण्याच्या आधी. पहिला पास आणि दुसरा नापास निघाला, तर बिल कोणाचे अडवायचे हे ठरवायला समिती नेमावी लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त रिफायनरी कर्मचारी, नागपूर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.)